शिपला लिस्ट आली आहे

समाधान बैसाणे बोटीवर नोकरीला लागला, तेव्हा दोंडाईच्यातल्या त्याच्या गल्लीत कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता. कोर्सला मुंबईला जाईपर्यंत त्यानंही पाहिला नव्हता. धुळ्याच्या आयटीआयमधून फिटर झालेला पोरगा, एका एजंटमार्फत इंजिनरूममध्ये लागला. पहिल्या बोटीवरून परत आला तेव्हा आईसाठी घड्याळ आणलं आणि सविताशी लग्न केलं. दुसऱ्या बोटीवर गेला आणि तिथं अडकला.

ती बोट जुनी होती. आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभी राहिली आणि तिथंच राहिली. मालकानं फोन घेणं बंद केलं. सिमेंटचा माल उतरवून झाला होता, पुढचा माल कुठला ते कोणी सांगेना. खलाशांना घरी जाता येत नव्हतं, कारण माणसांशिवाय बोट पाण्यात सोडायला बंदराची परवानगी नव्हती. बदली माणसं आली तरच आधीची उतरणार, आणि मालकच गायब असेल तर बदली माणसं पाठवणार कोण? डिझेल संपत आलं तसा जनरेटर दिवसातून थोडाच वेळ चालू ठेवायचे. तेवढ्यात फोन चार्ज करायचे, आणि रेंज आलीच तर घरी दोन ओळी पाठवायच्या.

सविता स्टेशन रोडवरच्या एका मेडिकलमध्ये कामाला होती. दर सोमवारी दुपारी दुकानात गर्दी ओसरली की ती मुंबईच्या एजंट ऑफिसला फोन लावायची. पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं.

"मॅडम, बोलणी चालू आहेत. आधी कोणाला उतरवायचं त्याची लिस्ट होईल. लिस्ट आली की आम्ही कळवू."

संध्याकाळी घरी गेलं की सासू दारातच विचारायची. द्रौपदाबाई मिरचीच्या खळ्यावर देठ खुडायला जायची. हातांची आग होते म्हणून परातीत थंड पाणी घेऊन बसलेली असायची.

"काय म्हने ऑफिसवाला?"

"लिस्ट होणार आहे म्हणाले, आत्या."

"कव्हय?"

"होईल म्हणाले."

घरात तो शब्द असा रुळला, जणू तो माणूसच होता आणि कुठल्या तरी गाडीनं यायचा होता. द्रौपदाबाई विहारात जायची तिथंही सांगायची, शेजारच्या पुष्पाबाईलाही सांगायची. लिस्ट येणार आहे. पहिल्या लिस्टमध्ये नाव असलं तर बरं, नाहीतर दुसऱ्या.

उन्हाळा सरत आला होता. एका दुपारी सविता गिऱ्हाइकाला गोळ्यांची पट्टी कापून देत होती, तेव्हा फोन वाजला. समाधानचा मेसेज होता.

"शिपला लिस्ट आली आहे. कालपेक्षा जास्त. ऑफिसला लगेच कळव. मी बरा आहे."

तिनं गिऱ्हाइकाला सुटे पैसे दिले, मग पुन्हा वाचलं. तिनं उलट फोन लावला, तो लागला नाही. "तुमचं नाव आहे ना?" असं लिहून पाठवलं. ते पोचल्याची खूण आली नाही.

मग तिनं ऑफिसला फोन केला. तो दिवस सोमवार नव्हता. फोनवर नवीन मुलगी होती.

"मी समाधान बैसाणेंची मिसेस बोलते, दोंडाईच्याहून. त्यांचा मेसेज आलाय. शिपला लिस्ट आली म्हणून."

"अच्छा! आली का?" मुलीचा आवाज खुलला. "आमच्याकडे अजून नाही आली. बंदरावरून डायरेक्ट गेली असेल."

"कालपेक्षा जास्त आहे म्हणतात. आणि तुम्हाला लगेच कळवायला सांगितलंय."

"म्हणजे नावं वाढली असतील. चांगलंय की, मॅडम. कळवलंत ना, मी सरांना सांगते."

"काही करायचं आहे का आम्ही? कागद वगैरे?"

"नाही नाही. तुम्ही निवांत रहा."

सविता निवांत राहिली. दुकानाच्या मालकाला सांगून लवकर निघाली आणि वाटेत पेढे घेतले. द्रौपदाबाईनं मेसेज तिच्याकडून तीनदा वाचून घेतला. तिला वाचता येत नव्हतं, पण ती फोनच्या काचेवर बोट ठेवून ऐकत होती.

"मना पोऱ्या ई ऱ्हायना," ती म्हणाली. मग पदर खोचून उठली आणि पेढ्याचा पुडा घेऊन गल्लीत निघाली. सविताच्या अंगात त्या दिवशी काय संचारलं होतं कोण जाणे. तिनं घरातल्या गाद्या उन्हात टाकल्या, पंख्याची पाती पुसली, समाधानचे दोन शर्ट कपाटातून काढून धुतले. शर्टांना डांबरगोळीचा वास येत होता, तो जावा म्हणून.

पुढच्या काही दिवसांत मेसेज आला नाही. आता निघायच्या गडबडीत असेल, असं दोघी एकमेकींना सांगत राहिल्या.

फोन आला तो ऑफिसातल्या मोठ्या साहेबाचा. सकाळची वेळ होती, सविता डबा भरत होती. त्यानं आधी घरात पुरुषमाणूस कोणी आहे का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर तिचं नाव विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाला, बोट बुडाली. काल दुपारी. वारं सुटलं आणि बोट एका अंगावर पडली. नऊ जणांपैकी पाच जणांना मच्छीमारांनी बाहेर काढलं. समाधान त्या पाचांत नाही. शोध चालू आहे.

"पण लिस्ट आली होती ना?" सविता म्हणाली. "त्यांना उतरवणार होते ना?"

साहेबाला काही कळलं नाही. "कसली लिस्ट?" तो म्हणाला.

शोध थोडे दिवस चालला आणि थांबला. दोघांचे मृतदेह सापडले. समाधान आणि बोटीचा स्वयंपाकी सापडले नाहीत.

द्रौपदाबाईनं या सगळ्याचा एक अर्थ लावला आणि ती त्याला धरून बसली. समाधानचं नाव लिस्टमध्ये होतं. लिस्ट उशिरा आली. चार दिवस आधी आली असती तर पोरगा घरी असता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगायची आणि लिस्ट करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. सविता बाजूला बसून ऐकायची. तिलाही दुसरं काही ठाऊक नव्हतं.

वाचलेल्या पाचांत एकजण खान्देशातलाच होता. युवराज, फैजपूरचा. तो घरी आल्याचं कळल्यावर सविता एकटीच निघाली. भुसावळपर्यंत रेल्वेनं, पुढं बसनं. सावद्याच्या अलीकडे रस्त्यावर केळीचे ट्रक लागलेले होते, बस बराच वेळ त्यांच्या मागे खोळंबली. तिला घाई नव्हती. उलट तिला वाटत होतं, बस अशीच उभी रहावी.

युवराज समाधानपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. उजव्या हाताला प्लास्टर होतं. त्याच्या आईनं सविताला पाणी दिलं, चहा ठेवला आणि ती आतच थांबली. तिनं न विचारताच युवराजनं सांगायला सुरुवात केली. बहुतेक कोणी विचारायची तो वाटच बघत होता.

"वहिनी, पाणी आधीपासूनच शिरत होतं. तळाला गंजून भोक पडलेलं. पंप चालवला की ते बाहेर जायचं. पण डिझेल नाही, तर पंप किती चालवणार? मग लिस्ट यायला लागली."

सवितानं कप खाली ठेवला. "कसली लिस्ट?"

"बोटीला लिस्ट आली. डावीकडे."

"डावीकडे म्हणजे?"

युवराज तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं डावा पंजा सपाट धरला आणि हळूच एका बाजूला तिरपा केला. "अशी. बोट कलते ना, त्याला लिस्ट म्हणतात. जहाजावर दुसरा शब्दच नाही. पहिल्या दिवशी एवढीशीच होती, कपातला चहा तिरका दिसायचा. मग झोपलं की माणूस भिंतीला जाऊन चिकटायचा. शेवटी शेवटी जेवायला बसलं तर ताट पायानं अडवून धरायला लागायचं."

बाहेर कोणी तरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती सुरू होईना. सविता तो आवाज ऐकत बसली. मग तिनं पर्समधून फोन काढला, तो मेसेज उघडला आणि युवराजपुढे धरला.

त्यानं वाचला. "हा, हाच. तेव्हा मी शेजारीच होतो." तो पुढं काही बोलणार होता, पण तिचा चेहरा बघून थांबला. "तुम्हाला काय वाटलं?"

"नावांची."

युवराजनं डोळे मिटले.

"तुम्ही कोणी बंदरावाल्यांना सांगितलं नाही?" तिनं विचारलं.

"कॅप्टन रोज सांगत होता रेडिओवर. ते म्हणायचे, बोट ओढून न्यायला टग पाठवतो, पण मालकाचं किंवा एजंटचं पत्र पाहिजे. मालक तर नव्हताच. एजंटच्या मुंबईच्या ऑफिसातले लोक कॅप्टनचा नंबर बघितला की फोन उचलायचे नाहीत. म्हणून समाधानभाऊनं डोकं चालवलं. म्हणाला, आपला फोन उचलत नाहीत, पण घरच्यांचा उचलतात. सविता दर सोमवारी बोलते. ती सांगेल."

"मग मराठीत का नाही लिहिलं? बोट कलतेय, बुडेल, असं?"

"मी तेच म्हटलं, वहिनी. मी म्हटलं, नीट उलगडून लिही." युवराजनं प्लास्टरचा हात मांडीवर ओढून घेतला. "तर म्हणाला, तिला कळायला नकोच आहे. कळलं तर आईला कळेल, दोघी जिवाला घोर लावून घेतील. तिला कशाला कळायला पाहिजे, तिनं फक्त शब्द पोचवायचा. ऑफिस बोटींचं आहे, ते समजतील."

आतून त्याच्या आईच्या हुंदक्याचा आवाज आला. सविता रडली नाही. तिनं विचारलं, "शेवटी ते कुठं होते?"

"खाली. हातपंप मारायची त्यांची पाळी होती. वारं आलं आणि बोट एकदम आडवी झाली, वर यायला वेळच मिळाला नाही."

महिनाभरानं एजंट कंपनीचं म्हणणं कळलं. सरकारी चौकशी लागली होती आणि कंपनीनं लेखी दिलं होतं की बोटीला धोका असल्याचं त्यांना कोणीही कळवलं नाही. समाधानच्या पत्नीचा फोन आला होता हे खरं, पण तो नावांच्या यादीबद्दल होता.

सवितालाही तिचं म्हणणं इंग्रजीत द्यायचं होतं. ती धुळ्याला जीवराम सरांकडे गेली. कॉलेजात तिला इंग्रजी शिकवायला होते ते. आता निवृत्त होऊन देवपुरात राहत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फोनवरचा मेसेज वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"मला हा अर्थ पुस्तकात वाचून ठाऊक होता," ते म्हणाले. "पण हा मेसेज मला आला असता तर मीही पेढेच आणले असते, पोरी."

त्यांनी जाडजूड कोश काढला. सविताला बरं वाटावं म्हणून, की त्यांना स्वतःला काही तरी करायला हवं होतं म्हणून, ते वाचून सांगू लागले. लिस्ट एक नाही, निदान तीन आहेत. यादीची लिस्ट म्हणजे मुळात कापडाची किनार, पट्टी. मग कागदाची पट्टी, मग तिच्यावरची नावं. दुसरी फार जुनी, आता बोलण्यातून गेलेली. तिचा अर्थ इच्छा, मनाला येणं. कशातच मन नसलेल्या माणसाला इंग्रजीत लिस्टलेस म्हणतात, त्यात तेवढी ती उरली आहे.

"आणि बोटीची?"

"बोटीची कुठून आली ते कोणी छातीठोक सांगत नाही. खलाशांच्या तोंडी तीन-चारशे वर्षं आहे. काहींचं म्हणणं, ती त्या इच्छेवरूनच आली. ज्याची जिकडे इच्छा, तिकडे ते झुकतं. आपण नाही का म्हणत, मुलाचा कल कुठं आहे? आणि भिंत कलली असंही म्हणतो. तसंच."

सवितानं फोनवरचा मेसेज पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाली, "सर, घरात चार महिने तो एकच शब्द होता. ते येणार एवढंच आम्हाला ऐकायचं होतं. त्यांनी काहीही लिहिलं असतं तरी आम्ही तेच वाचलं असतं."

"तसं म्हणू नकोस."

"मग कसं म्हणू?"

सरांनी कोश मिटला आणि कोरा कागद पुढं ओढला. "चल, तुझं म्हणणं लिहू. साध्या शब्दांत लिहू. दोन अर्थ निघतील असा एकही शब्द नको."

चौकशी मुंबईला झाली. कंपनीच्या वकिलानं विचारलं, "बाई, तुम्ही फोनवर धोका, मदत, पाणी, यातला एक तरी शब्द उच्चारला का?"

"नाही."

"म्हणजे आमच्या ऑफिसला कळण्याचा प्रश्नच नव्हता."

"मी औषधाच्या दुकानात काम करते," सविता म्हणाली. "गिऱ्हाईक म्हणालं, शुगर वाढलीय, तर मी त्याला साखर महागली का असं विचारत नाही. मला लिस्ट माहीत नव्हती, मी बोटींचा धंदा करत नाही. तुम्ही करता."

चौकशी अधिकारी काही तरी लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मधल्या सुटीत एक मुलगी बाहेरच्या बाकाजवळ येऊन उभी राहिली. आवाजावरून सवितानं तिला ओळखलं.

"ताई, मला खरंच माहीत नव्हतं. मी लागून महिनाच झाला होता. मी सरांना सांगितलं होतं, शिपवर लिस्ट आली म्हणून. सर फोनवर बोलत होते. ते म्हणाले, बरं बरं."

"सरांना माहीत होता का अर्थ?"

"सर पूर्वी बोटीवर होते," ती म्हणाली.

सवितानं तिला आत जाऊन हेच सांगायची विनंती केली. मुलगी म्हणाली, नोकरी जाईल. सविता तिचा हात धरून तशीच उभी राहिली, आणि मुलगी रडायला लागली, पण आत गेली नाही.

निकाल पावसाळ्यानंतर लागला. कंपनीचा परवाना काही महिन्यांसाठी थांबवला गेला. मालकाचा पत्ता लागला नाही. फोनच्या बाबतीत दोन्ही बाजूंचा गैरसमज झाला, असं एक वाक्य निकालात होतं. जीवराम सरांनी ते तिला फोनवर वाचून दाखवलं.

आता धुळ्याच्या एका वार्ताहराला बातमी करायची होती. तो घरी येऊन द्रौपदाबाईशी बोलणार होता. सविताच्या लक्षात आलं की सासूला हे परक्याच्या तोंडून कळू द्यायचं नसेल तर आजच सांगायला हवं. फैजपूरहून आल्यापासून तिनं हे पोटात ठेवलं होतं. म्हातारीचा राग निदान कुणावर तरी होता. तो काढून घेतला तर तिच्याकडे काय उरेल, याची तिला भीती वाटत होती.

द्रौपदाबाई ओट्यावर बसून तूर निवडत होती. सविता तिच्याजवळ बसली आणि सगळं सांगितलं. लिस्ट म्हणजे नावं नव्हती. बोट कलत होती. समाधाननं मदत मागितली होती आणि ती आपल्याला कळली नाही. आपल्याला कळू नये असंच त्यालाही वाटत होतं.

द्रौपदाबाईचे हात सुपात थांबले.

"तुले कव्हय समजनं?"

"फैजपूरला गेले होते तेव्हा."

"माले काबर नही सांगं?"

"हिंमत झाली नाही, आत्या."

"मी बठ्ठासले सांगी उनू," द्रौपदाबाई म्हणाली. "मना पोऱ्या बुडी ऱ्हायंता, अन् मी गल्लीम्हा पेढा वाटी उनू."

सवितानं तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हातारीनं तो झटकला नाही. समोरून पुष्पाबाई गेली, तिनं काही तरी विचारलं, दोघींपैकी कोणीच उत्तर दिलं नाही.

मग द्रौपदाबाईनं विचारलं, "पानी थंडं व्हतं का?"

"काय?"

"तथलं पानी. समुद्रनं. थंडं व्हतं का?"

सविताला माहीत नव्हतं. हे तिनं युवराजला विचारलंच नव्हतं. तिनं फोन काढून त्याला लावला आणि सासूचा प्रश्न जसाच्या तसा विचारला.

"नाही वहिनी," युवराज म्हणाला. "तिकडे उन्हाळ्यात पाणी कोमट असतं. आंघोळीच्या पाण्यासारखं."

सवितानं ते सांगितलं. द्रौपदाबाईनं मान हलवली, दोनदा. मग सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, आता विहारात जाऊन भन्तेजींना विचारून ये, समाधानचा राहून गेलेला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कधी ठेवायचा ते.